अकरा वर्षांत एकही पिवळी चिठ्ठी नाही

३ मार्च, सोमवार

नवी वही. आजपासून रोज लिहिणार. या हॉस्पिटलात माझ्याशी दोन शब्द बोलण्याच्या लायकीचा माणूस उरलेला नाही, तेव्हा वहीशीच बोललेलं बरं.

आज पत्रक आलं. 'नोंदणी प्रमुख' असं नवं पद निघतंय. तिन्ही मजल्यांवरचे नोंदणी लिपिक त्याच्या हाताखाली, वेगळी केबिन, दारावर नावाची पाटी. जूनमध्ये तपासणी पथक येणार, सगळ्यांचं काम बघणार आणि नाव सुचवणार. म्हणजे जूनपर्यंत वाट बघायची, एवढंच. नाव काय, ठरल्यातच जमा आहे.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी शिस्त म्हणून लिहून ठेवतो. मी मानसोपचार विभागात नोंदणी लिपिक. डॉक्टर केसपेपरवर काय ते लिहितात, मी त्याचा कोड शोधून कॉम्प्युटरमध्ये टाकतो. निदानाची चौकट रिकामी राहिली तर स्क्रीन लाल होतो आणि गाडी पुढे सरकत नाही. कोड सापडत नसेल तर लिपिकाने पिवळी चिठ्ठी भरून डॉक्टरांना विचारावं, असा नियम आहे. तो ज्याला काही येत नाही त्याच्यासाठी. माझ्या खणातल्या पिवळ्या चिठ्ठ्यांच्या पॅडचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. अकरा वर्षं!

शेजारच्या टेबलावर गेल्या महिन्यात हाडांच्या विभागातून एक बाई बदलून आली आहे. मी तिला मनात हाडवाली म्हणतो. पहिल्याच आठवड्यात चौदा चिठ्ठ्या पाठवल्या. लाज नावाची गोष्टच नाही.

संकल्प: १. रोज लिहिणे. २. चिडचिड बंद. ३. हाडवालीशी बोलणे बंद.

५ मार्च, बुधवार

डोकं फिरलंय. आमच्या डॉक्टर मॅडमनी दर बुधवारी नवीन ओपीडी काढली. लैंगिक आरोग्य! पाटीसुद्धा लावली, हाताएवढ्या अक्षरांत. मी सुचवलं की पाटी जरा आडोशाला लावू या. तर म्हणाल्या, आडोशामुळेच लोक इतकी वर्षं आले नाहीत. वाद घातला नाही. संकल्प क्र. २.

पहिलाच पेशंट गोदामात क्रेन चालवणारा. पंचेचाळिशीचा गडी, सोबत बायको. केसपेपर वाचला आणि कानशिलं तापली. याला रबरी गमबुटांचं आकर्षण. म्हणजे त्या अर्थाने! लग्नाच्या आधीपासून. बायकोला सगळं ठाऊक. तिची काही तक्रार नाही, उलट तिला हसू येतं आणि ती घालते, असं मॅडमनी चक्क लिहून घेतलंय. मग आलात कशाला? तर कामावर कोणीतरी अशाच विषयावरून टवाळी करत होतं, ती ऐकून याची झोप उडाली. आपल्याला हा आजार तर नाही ना, एवढंच विचारायला आला.

मॅडमनी खाली लिहिलं: 'असामान्य आवड. विकार नाही.' तो माणूस हसत बाहेर पडला. जाताना मला थँक्यू म्हणाला. मी मान फिरवली.

बसलो कोड शोधत. यादीत विकारच विकार, 'विकार नाही' अशी ओळच नाही. स्क्रीन लाल. हाडवाली मान वाकडी करून म्हणाली की चिठ्ठी पाठवा ना. 'पाठवतोय मी!' असं तिला सुनावलं. वस्तूंच्या आकर्षणाचा विकार असा एक कोड होता, तो टाकला. स्क्रीन लगेच हिरवा. मॅडमकडून घाईत 'नाही' हा शब्द जास्तीचा पडला असणार. मी सांभाळून घेतलं. आपण असे सांभाळून घेतो म्हणून हे लोक डॉक्टर म्हणून मिरवतात.

(संकल्प २ आणि ३, दोन्ही आजच मोडले. पण कारण योग्य होतं.)

१३ मार्च

मॅडमकडून निदानाचं जाडजूड पुस्तक मागून आणलं. त्यांना आनंद झालेला दिसला. होऊ दे. मला चुका शोधायच्या आहेत.

सापडल्या. सगळं पुस्तकच चूक आहे. आवड वेगळी आणि विकार वेगळा म्हणे! आवड कितीही चमत्कारिक असली तरी नुसत्या आवडीला विकार म्हणायचं नाही. ती किमान सहा महिने टिकलेली हवी, वर तिच्यामुळे त्या माणसाला स्वतःला त्रास व्हायला हवा किंवा त्याचं रोजचं जगणं अडायला हवं. नाहीतर मग दुसऱ्याला इजा, किंवा दुसऱ्याच्या संमतीशिवाय काही केलेलं. तरच विकार. आणि त्रास म्हणजे आतून होणारा. लोक नावं ठेवतात एवढ्यानेच होणारा त्रास धरायचा नाही. अरे, मग लोकांनी नावं ठेवायची कशासाठी? आम्ही एवढे कष्ट घेतो ते फुकटच?

पुढे तर कहर आहे. पूर्वी पुरुषाला पुरुष आवडणं हा विकारांच्या यादीत होता, तो नंतर काढून टाकला. मॅडमना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या की हो, पुरावे तपासले, भांडणं झाली, मतदानसुद्धा झालं आणि चूक दुरुस्त केली. मतदान! दुरुस्त! पुस्तकच असं कच खायला लागलं तर कारकुनाने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

संकल्प ४. जिथे पुस्तक कच खाईल तिथे आपण खायची नाही.

१६ मार्च, रविवार

घरी निवांत. दर रविवारसारखे शिक्के साफ केले. हॉस्पिटलने मोडीत काढलेले एकतीस रबरी शिक्के मी वाचवून आणलेत. जुना टूथब्रश, कोमट पाणी, मग मऊ फडकं. 'निकाली'. 'तातडीचे'. 'मूळ प्रत पाहिली'. एकेक कागदावर उमटवून बघितला की बोटांच्या टोकांपर्यंत बरं वाटतं. 'मूळ प्रत पाहिली' जरा झिजलाय. त्याला शेवटी पुसतो, जास्त वेळ.

ही दारात उभी. बेसिन केव्हा मोकळं होणार, असं विचारत होती. बोलता बोलता हिला क्रेनवाल्याचा किस्सा सांगितला (नाव सांगितलं नाही, मी नियमाचा पक्का आहे). वाटलं, तोंडात बोट घालेल. तर म्हणते, त्याच्या बायकोची हरकत नाही ना, मग तुमच्या कुठे पोटात दुखतंय? आणि बेसिन, बेसिन.

संकल्प ५. हिच्याशी शास्त्रीय विषय बोलायचे नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

आज बुधवारच्या ओपीडीत प्रथमच सभ्य माणूस पाहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोल्डर, बोलणं अदबीचं. मला 'साहेब' म्हणाला. मी स्वतः उठून खुर्ची दिली.

केसपेपर आला. गर्दीत अनोळखी बायकांना मुद्दाम खेटतो. तीन तक्रारी झालेल्या, घरच्यांनी ओढून आणलेला. मॅडमनी ठळक अक्षरांत 'विकार' लिहून दोनदा खाली रेघ मारली होती. दुसऱ्यांना धोका, दर आठवड्याला बोलावणे. चेहरा तर असा दगडासारखा की मला त्या गृहस्थाचीच दया आली. ज्या मॅडम गमबुटांना हसून निरोप देतात त्या इथे एवढ्या कठोर! मी विचारलं की एवढं काय झालं. म्हणाल्या, तिथे दोघांची मर्जी होती, इथे त्या बायकांना कोणी विचारलं होतं? हे एकच पालुपद.

चांगल्या घरातल्या माणसाला असा डाग लावायचा? मी 'अनिर्दिष्ट' हा कोड टाकला. थोडी माणुसकी ठेवावी लागते. हाडवालीला सांगितलं (बोलणं बंद आहे, पण माणुसकी कोणाला तरी दाखवायची असते). ती म्हणाली, मी बसने येते. एवढंच म्हणाली आणि अर्धा डबा तसाच बंद केला. विक्षिप्त बाई.

२३ एप्रिल, बुधवार

एकूण सत्तावीस केसेस, सगळ्यांना कोड. रिकामी चौकट शून्य. चिठ्ठ्या शून्य. मॅडमच्या हातून 'विकार नाही' ही चूक अजूनही वारंवार होते. मी न बोलता दुरुस्त करतो.

फावल्या वेळात या मजल्याचं माझं स्वतःचं वर्गीकरण केलं. हाडवाली: पेन्सिलीला टोक काढून वास घेते. विकार, गंधविषयक. लॅबवाला: काचेच्या नळ्यांशी बोलतो. विकार, मिश्र. लिफ्टवाला: प्रत्येकाच्या चपला बघतो, तोंड बघत नाही. विकार, उघड आहे. मॅडम: कोणी काहीही सांगितलं तरी मान डोलावून ऐकतात. विकार, गंभीर. अशी अठरा माणसं तपासली. निरोगी निघाला एकच. मी.

९ मे

दाढ काढायला दोन दिवस रजा घ्यावी लागली. तेवढ्यात हाडवालीने बुधवारचं माझं काम केलं आणि घाण करून ठेवली. तीन पिवळ्या चिठ्ठ्या. तिन्हींवर एकच: 'विकार नाही' ही ओळ यादीत नाही, काय करू? मॅडमनी त्या तशाच कॉम्प्युटर विभागाला पाठवल्या. तिकडून उत्तर आलं की एकाच मुद्द्यावर पाच चिठ्ठ्या झाल्याशिवाय नवी ओळ घालता येत नाही, तसा नियम आहे. तोपर्यंत ते तीन केसपेपर ट्रेमध्ये लोंबकळत. माझ्या टेबलावर! लाल!

हाडवाली आली. म्हणाली, तुमच्याकडे तर असे कितीतरी आले असतील, दोन चिठ्ठ्या तुम्ही लिहा, लगेच काम होईल. मी गाल धरून सांगितलं की माझ्याकडे असा एकही आला नाही. तिने माझ्या खणाकडे बघितलं. मग ते तीन पेपर उचलून घेऊन गेली.

जूनला एक महिना असताना मी चिठ्ठी लिहू? शत्रू हुशार आहे.

२८ मे, बुधवार

वाईट दिवस. दोष माझा नाही.

क्रेनवाल्याची बायको खिडकीशी आली. काचेवर तळहात आपटला. कंपनीची वार्षिक फिटनेस तपासणी आमच्याच तळमजल्यावर होते. तिथल्या डॉक्टरला केसपेपर दिसत नाही, फक्त कोड दिसतो. त्याने 'विकार' बघितला आणि उंचावर काम करायला अयोग्य असं लिहून दिलं. एकोणीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा माणूस आता खाली खोक्यांना लेबलं चिकटवतोय. का चिकटवतोय ते अख्ख्या गोदामाला कळलंय.

ती ओरडत होती. सगळी रांग ऐकत होती. म्हणाली, बूट माझे, पाय माझे, नवरा माझा, तू कोण मध्ये बोट घालणारा? म्हणाली, तो विचारायला आला होता, आजार आहे का. मॅडम नाही म्हणाल्या. त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपला. आणि तू खिडकीत बसून त्याला आजारी केलंस. आता तो वर बघत नाही. क्रेनकडे बघत नाही, माझ्याकडे बघत नाही.

मला एकेरीत बोलली. मी तिला अर्ज लिहून द्या असं सांगून खिडकी बंद केली. कडी तिसऱ्या खेपेला लागली. ब्लडप्रेशर असणार. ते तपासून घेतो.

मॅडमनी बोलावलं होतं. उद्या जातो.

२९ मे

गेलो नाही. पथकाची तयारी आहे.

११ जून, बुधवार

आज पथक. निळा शर्ट, नवीन पेन, भाषण पाठ: 'शून्य चिठ्ठ्या ही माझ्या एकट्याची कामगिरी नसून...' इथे नम्र हसायचं.

दोघेजण आले. एक जाड चष्मा, एक बारीक आवाज. माझ्या टेबलाशी सगळ्यात आधी! मी हाडवालीकडे बघून घेतलं.

जाड चष्म्याने विचारलं की बुधवारच्या ओपीडीत आलेला प्रत्येक माणूस विकारग्रस्त कसा? इतर ठिकाणी नुसतं विचारायला आलेली माणसं विचारून घरी जातात, तुमच्याकडे एकही तसा नाही? मी म्हटलं, आमचं काम काटेकोर आहे. मग त्यांनी गठ्ठा काढला. एका बाजूला मॅडमचं अक्षर, दुसऱ्या बाजूला माझा कोड. अडतीस केसेस. अडतीस वेळा मॅडमनी 'नाही' लिहिलं होतं आणि मी 'आहे' टाकलं होतं. आणि एकोणचाळिसावी उलटी, तो इस्त्रीचा शर्टवाला. दर आठवड्याला बोलवायच्या लोकांची यादी कोडवरून निघते. माझ्या 'अनिर्दिष्ट'मुळे त्याचं नाव यादीत आलंच नाही. मॅडमनी स्वतः आठवण ठेवून फोन केले म्हणून तो येत राहिला.

बारीक आवाजाने खण उघडायला लावला. पॅड बाहेर काढलं. प्लास्टिकवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता कौतुक. त्याने ते दुसऱ्याला दाखवलं आणि म्हणाला, पाच चिठ्ठ्या आल्या असत्या तर ही ओळ मार्चमध्येच यादीत आली असती.

भाषण झालं नाही.

१३ जून

आदेश: क्रेनवाल्याच्या कंपनीला आणि तळमजल्याला दुरुस्तीचं पत्र, माझ्या सहीने. मसुदा एक: 'काही तांत्रिक कारणास्तव'. मॅडमनी परत पाठवला. मसुदा दोन: 'डॉक्टरांच्या हस्ताक्षरामुळे'. हा तर भिरकावलाच. मसुदा तीन: 'संबंधित लिपिकाकडून अनवधानाने'. त्यावर म्हणाल्या की अनवधान अडतीस वेळा होत नाही. मग स्वतः सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. 'डॉक्टरांनी विकार नाही असे स्पष्ट लिहिले होते. मी ते बदलले. चूक माझी.' तीन ओळी. अकरा वर्षांत एवढी तोकडी नोंद केली नव्हती.

अजून सदतीस लिहायची आहेत. आणि एकोणचाळिसाव्याचा कोड बदलायचा. तो मात्र आज लगेच बदलला. बदलताना हाडवाली बघत नव्हती, हे मी दोनदा पाहून घेतलं.

१८ जून

कारणे दाखवा नोटीस. दहा दिवसांत खुलासा. पदाचं विसरा, आहे तेही टेबल राहतं की नाही बघा, अशी भाषा.

पण मी खचणाऱ्यांतला नाही. नियम वाचले. कलम चौदा: चूक आजारपणामुळे झाल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर कारवाई नाही, उलट हलकं काम. म्हणजे मला फक्त एक विकार हवा आहे. आणि पुस्तक तर माझ्याकडेच आहे!

वाचून काढलं. सापडला. शिक्के! निर्जीव वस्तू, आहे. सहा महिन्यांहून जास्त, नऊ वर्षं. बोटांना बरं वाटतं, आहे. त्रास? नोटीस आल्यापासून भयंकर. माझी केस तर क्रेनवाल्यापेक्षा भक्कम आहे. हिला सांगितलं. ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, नऊ वर्षं दर रविवारी बेसिन अडवता, मी कधी कोणाला जाऊन सांगितलं का हो?

संकल्प ६. मॅडमसमोर थोडं रडणे.

२५ जून, बुधवार

नंबर काढला. त्याच पाटीखाली बाकावर बसलो. बाक अरुंद आहे आणि समोरच्या खिडकीतून लिपिक सगळ्यांकडे बघत राहतो. पूर्वी हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मॅडमनी पाऊण तास ऐकलं. मान डोलावत. मी यादीच नेली होती, मुद्देसूद. रडायला आलं नाही. त्यांनी विचारलं की शिक्क्यांचा त्रास होतो का. मी म्हटलं, भयंकर. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाही, त्यांच्यामुळेच तर रविवार चांगला जातो. आणि मुळात हे त्या अर्थाने आहे का? मी म्हटलं, छे, भलतंच काय! म्हणून झाल्यावर जीभ चावली. घरच्यांना त्रास? बेसिनचा. आणखी कोणाला इजा? इथे मी माझी यादी चाळायला लागलो. त्या म्हणाल्या की इजा झाली आहे, पण ती शिक्क्यांनी केलेली नाही.

मग मी खरंच विनवलं. कुठलाही द्या म्हटलं. छोटासा. अनिर्दिष्ट चालेल. नोकरी जाईल, घरी काय तोंड दाखवू? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ज्यांना विकार असतो त्यांना तो नकोसा झालेला असतो. तो सोयीसाठी वाटायची वस्तू नाही. तुम्ही अडतीस जणांना फुकट वाटलात, मी एकही देणार नाही.

केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मला न दाखवता पाकिटात घालून चिकटवलं. म्हणाल्या, नोंदणीच्या खिडकीत द्या.

२७ जून, दुपारी

माझ्या खुर्चीवर आता हाडवाली बसते. नोंदणी प्रमुखाच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे असं लिफ्टवाल्याने सांगितलं, माझ्या चपलांकडे बघत. मला सोमवारपासून तळघरात, रेकॉर्ड रूम. खुलासा 'समाधानकारक नाही'. काढलं नाही, हेच पुष्कळ असं ही म्हणते.

क्रेनवाला पुन्हा केबिनमध्ये चढला. बायको सांगायला आली होती. मॅडमना सांगून गेली. खिडकीकडे बघितलं नाही.

मी काचेच्या या बाजूला उभा होतो, दोन दिवस न फोडता जपलेलं पाकीट आत दिलेलं. हाडवालीने यादी उघडली. शेवटच्या दोन चिठ्ठ्या तिनेच कुठून तरी भरल्या आणि नवी ओळ आली आहे. सगळ्यात वर. तिने माझं नाव टाकलं आणि ती ओळ निवडली: 'विकार नाही'. स्क्रीन हिरवा. एका सेकंदात. लाल झालाच नाही.

पण खाली मॅडमनी आणखी एक शब्द लिहिला होता. तो काचेतून मला उलटा दिसत होता, तरी वाचला. 'स्वभाव.' हाडवालीने यादी वर नेली, खाली नेली. त्याला कोड नव्हता. मी हळूच म्हटलं, जाऊ दे, सोडून द्या. ती म्हणाली, नियम आहे. माझा जुना खण उघडला, पॅड काढलं, प्लास्टिक टर्रकन फाडलं आणि लिहिलं: स्वभावाला कोड आहे का?

मॅडमचं उत्तर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. 'कोड नाही. औषधही नाही. फाइल बंद करावी.'

तिने ती चिठ्ठी माझ्या केसपेपरला टाचली. वरच्या कोपऱ्यात छापील आकडा होता. या पॅडमधली चिठ्ठी क्रमांक एक.